दोन बोटं आत

३ तारीख, सोमवार

जावईबापू, ही वही सुरू करायला तीन आठवडे उशीर झाला, त्याची आधी माफी मागतो. बोटीवर चढताना तुम्ही बजावून गेला होतात, की आप्पा, रोजचं रोज लिहा आणि महिना संपला की वही टपालात टाका, पुढच्या बंदरात मला मिळेल. मी मान डोलावली. मग पहिल्या आठवड्यात वही सापडेना, दुसऱ्यात चष्मा, आणि तिसऱ्यात खरं सांगायचं तर धीरच होईना. शिक्षण चौथीपर्यंत. पन्नास वर्षं लिहिली ती गिऱ्हाइकांची मापं. छाती, कंबर, बाही, उंची. त्यात पूर्ण वाक्य लिहायची वेळ कधी आली नाही.

पण आज लिहायला आनंदाचं आहे. लेक खुशाल आहे. सहावा संपत आला. काल संध्याकाळी चहा पिताना तिने माझा हात धरून पोटावर ठेवला आणि आतून असा टोला बसला, की माझ्या बशीतला चहा सांडला. ती म्हणाली, आजोबांना सलामी दिली. तुमच्या सासूबाई असत्या तर त्यांनी सगळी गल्ली गोळा केली असती. मी एकटाच आहे, म्हणून खिडकीशी जाऊन उगाच खोकून आलो.

दोन्ही खोल्या छान आहेत. स्वयंपाकाच्या खोलीत सकाळचं ऊन येतं. जिने मात्र फार, एकोणचाळीस पायऱ्या. मी मोजतो आणि लेक दर मजल्यावर थांबते, तेव्हा माझा जीव वरखाली होतो.

आणि मुख्य बातमी. मला काम लागलं. लेकीच्याच कारखान्यात, ॲप्रन दुरुस्तीच्या खोलीत. आधीच्या शिंप्याची नजर गेली म्हणे. मी सहज फाटकाशी विचारलं, तर त्यांनी एक काज करून दाखवायला सांगितलं. काज पाहून तिथल्या कारकुनाने भिवया उंचावल्या. त्याला काज आणि भोक यातला फरक माहीत नसावा, पण ते असो. मशीन पायाचं आहे, जुनं, पण तेल घातल्यावर मांजरासारखं गुरगुरायला लागलं. आता दिवसभर लेकीवर नजर राहील. घरी बसून काळजी करण्यापेक्षा तिथे बसून केलेली बरी.

४ तारीख, मंगळवार

कारखाना काचेच्या बरण्यांचा. बरण्या सरकत्या पट्ट्यावरून येतात, बायका त्या उजेडाकडे धरून बघतात, तडा गेलेली बाजूला काढतात आणि चांगली खोक्यात भरतात. अठ्ठावीस बायका एका रांगेत उभ्या. पुढे पट्टा आणि पाठीमागे कमरेच्या उंचीवर लांबलचक लोखंडी दांडा. मागून ढकलगाड्या जातात, त्यांचा धक्का लागू नये म्हणून तो बसवलाय. पट्टा आणि दांडा यांच्यामध्ये उभं राहायला वीतभर आणि वर चार बोटं जागा. मी टेपने मोजली. बकरीसुद्धा तिथे वळणार नाही. पण ज्याने आखलं त्याने खुर्चीत बसून आखलं असणार, आणि खुर्चीत बसणाऱ्याचं पोट टेबलाखाली जातं, त्यामुळे त्याला ते आठवत नाही.

माझी खोली वरच्या अंगाला आहे. खिडकीतून सगळी रांग दिसते. एक गोष्ट बघून हसू आलं. इथल्या सगळ्या बायका पोटाने सुटलेल्या. वीस वर्षांची असो की पंचावन्नची, प्रत्येकीचं पोट पुढे. आल्याबरोबर सात ॲप्रन ढिले करायला आले. मी मनात म्हटलं, दिवसभर उभं राहून काम आणि तरी ही तब्येत, म्हणजे घरी नुसत्या चरत असतील.

६ तारीख, गुरुवार

मला वाटलं त्याहून प्रकार भलताच निघाला. लिहिताना हसावं की कपाळाला हात लावावा, कळत नाही.

रांगेत सगळ्यात जुनी जी आहे, तिला सगळ्या मावशी म्हणतात. ती ॲप्रन अंगावर घालूनच आली, शिवणीत किती माया, म्हणजे सोडायला जादा कापड, आहे ते मी बोटाने चाचपत होतो, तर हाताला भलतंच मऊ लागलं. पोट नव्हतंच. चिंध्यांची गुंडाळी होती, फडक्याने पोटाशी आवळून बांधलेली. मी बघतच राहिलो. मावशी जराही लाजली नाही. म्हणाली, शिंपीदादा, एवढे पिकलात आणि बाईचं खोटं पोट ओळखता आलं नाही होय.

मग तिने सांगितलं ते असं. इथे कोणी गरोदर राहिली, की ऑफिसला कळू द्यायचं नाही. रांगेत जिचं पोट सगळ्यात मोठं, तिच्या मापाची गुंडाळी बाकीच्या सगळ्या बांधतात. तिचं वाढलं की यांचंही वाढतं. म्हणजे वरून बघणाऱ्याला खरी कोण ते कळत नाही. शेवटच्या आठवड्यात तिने पाय मुरगळला म्हणून सुट्टी टाकायची. सध्या सगळ्याजणी आपल्या लेकीच्या मापाने चालल्या आहेत.

मी विचारलं, कळलं तर काय होतं. मावशी म्हणाली, ते सांगता येत नाही. मी म्हटलं, सांगता येत नाही की माहीत नाही. ती म्हणाली, दोन्ही, आणि ॲप्रन सावरत निघून गेली.

शुद्ध अडाणीपणा. ऑफिसच्या भिंतीवर काचेत पाटी लावली आहे, मी अक्षर लावून वाचली. गरोदर कामगार स्त्रीने लेखी मागणी केल्यास तिच्या कामात योग्य ते बदल करून देण्यात येतील. खाली शिक्का. एवढं ढळढळीत लिहिलेलं असताना या सत्तावीस शहाण्या पोटाला चिंध्या बांधून नाटक करतात. आणि आपली लेक, दहावी शिकलेली, त्यांच्यात सामील.

१० तारीख, सोमवार

आज लेक घरी आली तेव्हा पाठीवर दांड्याचा वळ होता, बोटभर जाड आणि काळानिळा. पुढून पट्ट्याची कड लागते म्हणून ती तिरकी उभी राहते आणि एकाच हाताने बरण्या उचलते. बाकीच्यांच्या चिंध्या दबतात, हिचं कसं दबणार. घोटे सुजून पावांसारखे झाले आहेत. भरलेली खोकी तीच उचलते.

दुपारीच मी कारखान्यातल्या फिटरला गाठलं होतं. दांडा हातभर मागे घ्यायला किती काम आहे, असं विचारलं. तो म्हणाला, आजोबा, चार बोल्ट आहेत, अर्धा तास लागेल, पाना माझ्या खिशातच आहे. मग घे की, मी म्हटलं. तर म्हणाला, पाना माझा आहे, पण बोल्ट ऑफिसचे आहेत.

लेकीला म्हटलं, आपण अर्ज करू. तिने सरळ नाही सांगितलं. म्हणाली, आप्पा, तुम्ही शिवणकाम करा, कागदाच्या फंदात पडू नका, इथल्या बायकांना इथलं जास्त कळतं. मी म्हटलं, इथल्या बायकांना एवढंच कळत असतं तर त्यांनी पोटाला चिंध्या बांधल्या नसत्या. त्यावर तिने उशी ओढून घेतली. पाय उशीवर ठेवून पडून राहिली.

मी अर्ज लिहिला. तुम्ही इथे असतात तर तुम्हीही हेच केलं असतं, असं मला वाटतं. तीन मागण्या. दांडा हातभर मागे घ्यावा, बसायला स्टूल द्यावं, खोकी उचलायला लावू नयेत. ऑफिसातल्या लोकांना नुसतं बोलून पटत नाही, आकडा लागतो, म्हणून झोपण्याआधी ॲप्रन लावून बघायचं निमित्त करून मी सहज घ्यावं तसं तिच्या पोटाचं माप घेतलं आणि अर्जात घातलं. घेर ३९ इंच. खाली सही केली, लेकीच्या वतीने वडील.

११ तारीख, मंगळवार

अर्ज दिला. कामगारांच्या सोयी बघायला एक बाई नेमली आहे. मी तिचं नाव सोयबाई ठेवलंय. खोलीत गार हवा, टेबलावर फुलं, तीही कापडी. बोलणं इतकं गोड की दात शिवशिवावेत. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाली, माप घातलंत हे फार छान केलंत, असं कोणी घालत नाही, आमची तीच अडचण होते. मी फुशारलो, खोटं कशाला सांगू.

मग ती खिडकीशी गेली आणि हसत हसत म्हणाली, की आजोबा, मला तर सगळ्या सारख्याच दिसतात, यातली तुमची कोणती. मी बोट दाखवलं. डावीकडून अकरावी.

खाली मावशीने नेमकं तेव्हाच वर पाहिलं.

१२ तारीख, बुधवार

सकाळी खोली उघडली तर माझ्या टेबलावर चिंध्यांच्या गुंडाळ्यांचा ढीग. सत्तावीस. सगळ्यांनी सोडून ठेवल्या होत्या. खाली बघितलं तर सत्तावीस बायका सडपातळ उभ्या आणि मधोमध आपली लेक, एकटी, भरल्या पोटाची. एकीनेही मान वर केली नाही.

मावशीला विचारलं हा काय प्रकार. ती म्हणाली, आता काय उपयोग बांधून, दादा, तुम्ही बोट दाखवून मोकळे झालात. लेक माझ्याशी बोलत नाही. बोलेल. दांडा मागे गेला की सगळ्याजणी येऊन पाया पडतील.

१७ तारीख, सोमवार

उत्तर आलं. छापील कागद, दोन शिक्के. अर्जाचा सहानुभूतीने विचार झाला. दांड्याच्या जागेत बदल करणे शक्य नाही. स्टूल देणे वा खोकी उचलण्यातून सूट देणे शक्य नाही. ॲप्रनमध्ये योग्य तो बदल मंजूर. सोबत माझ्याच नावाने चिठ्ठी, की घेर ३९ आहे तो ३८ करावा, दोन बाजूंनी मिळून दोन बोटं आत घ्यावीत.

मी वाचून मोठ्याने हसलो. एकटाच. पोट वाढतंय म्हणून जागा मागितली, तर हे ॲप्रन तंग करायला सांगतात. गाढवाला कात्री दिली तर तोही याहून बरं कापेल. पण मग म्हटलं, ठीक आहे. करूनच दाखवतो. उद्या ॲप्रन तिच्या अंगावर बसणार नाही, बटणं तुटतील, आणि ते तुटकं ॲप्रन मी सोयबाईच्या कापडी फुलांवर नेऊन ठेवीन. हुकुमाप्रमाणे दोन बोटं आत घेतली. टीप पक्की मारली, शेवटी माझ्या सवयीप्रमाणे तीनदा उलटी.

१८ तारीख, मंगळवार

ॲप्रन बसलं.

बटणं लागली, जराही ओढ न बसता. मला वाटलं टेप ताणली गेली असेल, जुनी आहे. पट्टीवर धरून पाहिली. टेप बरोबर आहे.

लेक आज बोलली. म्हणाली, आप्पा, हलकं वाटतंय, आज सरळ उभी राहिले, उगाच तुम्ही जिवाला घोर लावून घेता.

२१ तारीख, शुक्रवार

रोज चिठ्ठी येते. रोज दोन बोटं. बुधवारी ३७, काल ३६, आज ३५. मी शिवतो आणि ते तिला बसतं.

आज अर्धी सुट्टी घेऊन तिला दवाखान्यात नेलं. नर्स पोट चाचपून म्हणाली, छान आहे, चौथा चालू आहे. मी म्हटलं, बाई, सातवा लागला, कार्डावर तारीख बघा. तिने कार्ड बघितलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी ते घरी लिहून आणलंय. म्हणाली, म्हाताऱ्या माणसांनी मोजदाद करू नये, चुकते. एवढ्याशा पोरीने मला मोजायला शिकवावं. मी पन्नास वर्षांत एक पायजमा आखूड केला नाही.

येताना लेकीला विचारलं, पोरगं टोले देतं का. ती म्हणाली, एवढ्यात कुठे आप्पा, अजून वेळ आहे.

मग पहिल्या पानावर मी काय लिहिलंय? बशीतला चहा कशाने सांडला?

२२ तारीख, शनिवार

आजची चिठ्ठी ३४ ची. मी शिवलं नाही. ॲप्रन घेऊन सरळ सोयबाईकडे गेलो. म्हटलं, अर्ज मागे घेतो, आम्हाला काही नको, पोर आधी उभी राहत होती तशीच राहील. ती वाईट वाटल्यासारखी मान हलवत राहिली. म्हणाली, आजोबा, तुमच्या लेकीची काही तक्रार नाही, तिने समाधान असल्याची सही दिली आहे. सही दाखवली. लेकीचीच होती, शेवटी शेपूट ओढलेली. वर म्हणाली, जागा बदलायची तर सगळी रांग थांबवावी लागते, माणूस बदलणं त्यापेक्षा सोपं असतं, आणि तुम्ही तर कारागीर आहात, तुम्हाला हे कळायला हवं.

हे तिने पाणी पुढे करत सांगितलं. अशी माणसं ओरडत नाहीत. ओरडली असती तर निदान मला ओरडता आलं असतं.

ॲप्रन माझ्या खोलीतल्या कपाटात ठेवलं. कुलूप लावलं. किल्ली माझ्याजवळ आहे.

२४ तारीख, सोमवार

लेकीच्या अंगावर ॲप्रन होतं. कपाटाला कुलूप होतं, किल्ली माझ्या खिशात. शिवण उलटी करून पाहिली. ३४. टीप माझी. शेवटी तीनदा उलटी. ती माझ्याशिवाय कोणी मारत नाही.

मी शिवल्याचं मला आठवत नाही.

आधीच्या शिंप्याची नजर गेली नसावी. दुसरंच काही गेलं असावं.

२५ तारीख, मंगळवार

मावशीच्या हातापाया पडलो. भर जेवणाच्या सुट्टीत, सगळ्यांसमोर. एवढ्या वर्षांत कोणापुढे वाकलो नव्हतो, पण आता ती ऐट कोणासाठी ठेवू. तिने मला बाकावर बसवलं आणि कमरेच्या पिशवीतून एक घडी केलेला कागद काढला. बावीस वर्षांपूर्वीचा. तिच्याच नावाचा. अर्जाप्रमाणे बदल पूर्ण करण्यात आला, खाली शिक्का. मी विचारलं, मावशी, तुम्ही कशासाठी अर्ज केला होता. ती म्हणाली, दादा, तेच तर बावीस वर्षं आठवून बघतेय. मला मूलबाळ नाही. झालं नाही असंच सगळे सांगतात. मग हा कागद माझ्याकडे कसा.

म्हणून तिने गुंडाळ्या बांधायची रीत पाडली. का पाडली ते तिलाही नीट सांगता येत नव्हतं. तरी तिने ती बावीस वर्षं टिकवली, नऊ पोरींना सुखरूप बाहेर काढलं. आणि मी चौथी शिकलेला शहाणा, आठवड्याभरात बोट दाखवून बसलो. यांना अडाणी म्हटलं होतं मी. मागच्या पानावर आहे. खोडणार नाही, राहू दे.

ती म्हणाली, लिहीत रहा. तिच्या वेळी कोणी लिहून ठेवलं नव्हतं.

२६ तारीख, बुधवार

ॲप्रन ३२. फिटर जेवायला गेला तेव्हा त्याच्या डब्याजवळून पाना उचलला. तीन बोल्ट मी काढले, हात सोलले गेले. चौथा हलेना. मागून फिटर आला. मला वाटलं ओरडेल. त्याने पाना हातातून घेतला आणि चौथा काढला. दोघांनी मिळून दांडा हातभर मागे घेतला. अर्धा तासही लागला नाही.

लेक येऊन तिथे उभी राहिली. पुढेमागे ऐसपैस जागा. ती इकडेतिकडे बघून म्हणाली, हे कशाला केलं आप्पा, एवढी जागा कोणाला हवीय.

सोयबाई खाली आली. दांड्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे बघून हसली. फिटरला म्हणाली, गरज नाही, परत लाव. त्याने लावला. खाली मान घालून, चारही बोल्ट.

२७ तारीख, गुरुवार

ॲप्रन ३१. पोट सपाट आहे. मी पुन्हा पुन्हा बघतो म्हणून लेक चिडली.

मी सहा झबली शिवली होती, मऊ, उलट्या शिवणीची, टोचू नयेत म्हणून. दुपारी ती झबली खाली बरण्या पुसायला वापरलेली दिसली. लेकीला विचारलं. ती म्हणाली, तुमच्या कपाटात चिंध्या होत्या त्या दिल्या. मी म्हटलं, चिंध्या नव्हत्या, झबली होती. कोणाची, असं तिने विचारलं. खरंच विचारलं, जावईबापू. चेष्टा नव्हती.

मी सांगितलं. तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

२८ तारीख, शुक्रवार

ॲप्रन ३०, नवी चिठ्ठी २९ ची. मावशी येऊन गेली. म्हणाली, दादा, परवा मी तुम्हाला काही सांगितलं का, कसला तरी कागद दाखवला का. मी वहीतलं वाचून दाखवलं. ती ऐकत बसली. रडली नाही. फक्त म्हणाली, नऊ पोरी, चांगलं झालं मग.

लिहीत रहायचं आहे. लेकीला दिवस गेले आहेत. सातवा महिना. लेकीला दिवस गेले आहेत. सातवा महिना. टोला बसला होता, चहा सांडला होता. बशीला तडा —

२९ तारीख, शनिवार

आज दवाखान्याचं कार्ड सापडलं. नाव लेकीचं. आत सगळे रकाने कोरे. त्यावर तारखा होत्या — मी म्हणालो होतो नर्सला — वहीत आहे तसं.

चिठ्ठी २८ ची. शिवणार नाही म्हणून दोन्ही हात मशीनपासून लांब, मांडीखाली घेऊन बसलो. दुपारी पाहिलं तर पाय मशीनवर. टीप संपलेली. तीनदा उलटी.

३१ तारीख, सोमवार

२७. हे तिचं लग्नाआधीचं माप. परकर मीच शिवला होता म्हणून पाठ आहे.

सोयबाई स्वतः खोलीत आली. बदल पूर्ण झाला म्हणाली, कागद दिला, शिक्क्याचा. माझी सही मागितली. म्हटलं, कशाबद्दल. ती म्हणाली, अर्ज तुमचा होता ना. अर्ज काढून दाखवला. अक्षर माझं. वाचता येत होतं, पण — दांडा मागे घ्या, स्टूल द्या — हे मी कोणासाठी मागितलं असेल? माझ्या लेकीला स्टूल कशाला. ती तर दोन-दोन पायऱ्या चढून वर गेली आज, मी खालीच धापा टाकत —

सही केली. केली मी सही.

थुंकावं असं वाटलं. कोणावर ते आठवेना.

१ तारीख, मंगळवार

सकाळी वही पहिल्यापासून वाचली. अक्षर माझं आहे. यातला म्हातारा मूर्ख आहे, पण खोटं बोलणारा वाटत नाही. मी कधी कोणाला खोटं माप दिलं नाही.

लेकीला वाचून दाखवायला घेतली. ती हसत होती. मग म्हणाली, गोष्ट छान लिहिलीत आप्पा, पण जावईबापू कोण.

मी म्हटलं, अगं तुझा — आणि पुढे —

आज चिठ्ठी आली आहे. २६.

महिना संपला, वही टपालात टाकायची आहे. पत्ता पहिल्या पानाच्या मागे आहे, तेवढा बोटीचा, तो अजून वाचता येतो. जावईबापू, वही मिळाली की लगेच कळवा. थांबू नका, दुसऱ्या बंदराची वाट बघू नका. मोठं पत्र नको, दोन ओळी पुरे. एका ओळीत लिहा की तुम्ही आहात. दुसऱ्या ओळीत लिहा की तुम्ही गेलात तेव्हा लेकीला दिवस गेले होते, सहावा चालू होता, तुम्हालाही पोटावर हात ठेवल्यावर आतून कोणी — एवढं तुमच्या हाताने लिहा, माझ्या नाही, माझे हात आता — लवकर कळवा, मी तो कागद तिच्यापुढे धरीन आणि तिला सांगीन, की बघ, तुझं —